उतरत्या वयाचा सूर आणि चाकूरची माती

नोकरीची मुदत संपून निवृत्तिवेतनाचे कागद हाती पडल्यावर जो दीर्घ अवकाश एकाएकी प्राप्त होतो, त्याचे करावे काय, हा प्रश्न परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या पिढीपुढे आज ज्या तीव्रतेने उभा आहे, त्या तीव्रतेने तो आपल्या वडिलांपुढे कधी उभा राहिला नव्हता. कारण गावी शेत होते, देऊळ होते, पारावर बसणारी चार माणसे होती, आणि दिवेलागणीनंतर भजनाला जाऊन बसण्यास कोणाच्या आमंत्रणाची वाट पाहावी लागत नसे. आपल्या मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांनी रविवारचा भजनवर्ग सुरू केला, आणि त्यांच्यापैकीच काहींनी गावाकडच्या झाडांसाठी निधी उभारावा, असा लेखी अर्ज कार्यकारिणीकडे दिला. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ह्या दोन बाबी दोन स्वतंत्र कलमे म्हणून आल्या. आमच्या मते ते एकच कलम आहे, आणि त्याचा विचारही एकत्रच व्हावयास हवा.

प्रस्तुत संपादकाचे मूळ गाव लातूर जिल्ह्यातील चाकूर. त्या मुलुखातील जुन्या गावगाड्यात शंकराच्या देवळाची सेवा गुरवाकडे असे, व त्या सेवेत पूजेखेरीज दोन गोष्टी समाविष्ट असत: गावाला बेल आणि पत्रावळी पुरविणे, आणि देवापुढे वाद्य वाजविणे. पळसाची पाने खुडून आणणारा आणि उत्सवात पखवाजावर थाप मारणारा माणूस एकच होता. त्याला मिळणारी इनाम जमीन वा बलुते ह्या दोन्ही सेवांसाठी होते. बेलाचे झाड वाळले तर पूजा अडते, पळस तुटले तर पंगत अडते, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन शिकविले नव्हते. जातीनिहाय वाटून दिलेल्या त्या व्यवस्थेतील अन्याय आम्हांला ठाऊक आहे, व ती पुन्हा यावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. तथापि नाद आणि पान ह्यांची त्या गावगाड्याने बांधलेली गाठ आपण सोडवून टाकली, आणि तिच्या जागी दुसरी बांधली नाही, ही हानी मान्य करावीच लागेल.

वाद्यापाशी बसणाऱ्याला ही गाठ आजही हाताला लागते. पखवाज हा खैराच्या वा शिसवाच्या खोडातून कोरून काढलेला. त्याच्या उजव्या तोंडावर शाई चढविलेली, आणि डाव्या तोंडावर दर बैठकीला ओली कणीक थापावयाची. कणीक जास्त झाली तर नाद बसतो, कमी झाली तर घुमारा येत नाही, म्हणून चिमूटचिमूट काढीत आणि लावीत राहावयाचे. वादीखालचे गट्टे हातोडीने वरखाली सरकवून सूर जुळवावयाचा. आणि बैठक उठल्यावर ती कणीक खरवडून टाकावयाची. साठी उलटलेली बोटे ह्या कामाला मंद असतात, परंतु मन मंद नसते, आणि तरुणपणी ज्या प्रतीक्षेचा कंटाळा आला असता तीच प्रतीक्षा ह्या वयात सुख देऊ लागते. तंबोऱ्याचीही तीच कथा. पंढरपूरच्या परिसरातील शेतांत पिकलेला भोपळा महिनोन् महिने वाळतो, मग मिरजेच्या कारागिराच्या हाती जातो. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार ह्यांनी रुजविला, आणि तेथील सतार व तंबोरा ह्यांना २०२४ साली भौगोलिक निर्देशांकन प्राप्त झाले.

ह्याच मिरजेचे नाव लातूरकरांच्या मनात आणखी एका कारणाने कोरले गेले आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा तहानलेल्या लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाण्याची पहिली खेप पोहोचली. ज्या गावाने आमच्या घरांत तंबोरे पाठविले त्याच गावाने पाणी पाठविले, ह्याबद्दलची कृतज्ञता शब्दांत मावणारी नाही. पण ज्या जिल्ह्यात वनांखालील क्षेत्र एकूण भूमीच्या एक टक्काही नाही, जेथे बांधावरची बाभळ आणि लिंब गेली आणि पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाऊ लागले, त्या जिल्ह्याने परगावच्या वाघिणींवर किती काळ विसंबून राहावे?

चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथ आहे, आणि त्या गावानजीकच्या टेकडीला लोक संजीवनी बेट म्हणतात. सभोवार काळी रानें, त्यांत सोयाबीन आणि तूर, आणि मध्ये ही दुर्मिळ औषधी वनस्पतींनी भरलेली उंचवट्याची जागा. सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास सूर्याचे उत्तरा नक्षत्र लागले की दुरून दुरून माणसे ह्या बेटावर येतात आणि तेथील वनस्पतींचे सेवन करतात. ह्या दिवसांत त्यांत विशेष गुण उतरतो अशी पूर्वापार श्रद्धा आहे. ह्या श्रद्धेचे औषधशास्त्रीय मोल काय, ह्याची चर्चा जाणकारांनी करावी; आम्हांला महत्त्व वाटते ते ह्याचे, की एका उजाड होत चाललेल्या प्रदेशात एवढी टेकडी लोकश्रद्धेच्या आधाराने आजवर हिरवी राहिली. जो पान खुडतो तो पुढल्या वर्षी पुन्हा येऊ शकतो; जो मुळासकट उपटतो त्याने पुढच्याची वाट बंद केली. हा भेद नव्या पिढीला समजावून सांगण्यास त्या परिसरातील वृद्धांइतके अधिकारी दुसरे कोणी नाही.

संगीताच्या बाबतीत हा मुलूख दरिद्री आहे असा एक गैरसमज पुण्यामुंबईकडे दृढ आहे. प्रत्यक्षात औशाच्या नाथ संस्थानाचे चक्री भजन, गात गात वर्तुळात फिरणारे, माघात पंढरपुरापर्यंत जाते. नांदेडचे पंडित नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले आणि पुढे औरंगाबादेत त्यांनी शिष्यांच्या पिढ्या घडविल्या. आमच्या पिढीने हे सारे उंबऱ्याशी असताना अभ्यासाच्या आणि नोकरीच्या धावपळीत ऐकले न ऐकलेसे केले, आणि आता, सातासमुद्रांपार, तो ऐकण्याचा अवकाश आम्हांला लाभला आहे.

ह्या दोन्ही ध्यासांना एका आयुष्यात बसविणारा एक थोर गायक अमेरिकेत होऊन गेला. पीट सीगर पन्नाशीत पोहोचला त्याच वर्षी, १९६९ साली, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मैफलींतून जमविलेल्या पैशांतून 'क्लिअरवॉटर' नावाचे शिडाचे जहाज पाण्यात उतरविले, आणि कारखान्यांच्या घाणीने मरणपंथास लागलेल्या हडसन नदीच्या काठाकाठाने ते फिरवून लोकांना आपलीच नदी दाखविली. २०१४ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी निधन पावेपर्यंत त्याने ना गाणे सोडले ना ती नदी. गाणे ऐकावयास काठावर आलेला माणूस नदीकडे पाहिल्यावाचून परत जात नसे, एवढीच त्याची युक्ती होती, आणि ती आपल्यालाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

आता व्यवहाराचे बोलू. आपले सभासद गावी जातात ते बहुधा डिसेंबर-जानेवारीत, लग्नसराई आणि थंडी साधून. रोप लावण्याचा काळ असतो मृगापासून श्रावणापर्यंत. म्हणून आपल्या हातून होतात ते छायाचित्रांपुरते वृक्षारोपणाचे समारंभ, आणि रोप मरते ते पुढल्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गावात घागरीसाठी भांडण असते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत रोप पहिले दोन-तीन उन्हाळे तगले तरच ते झाड होते. तेव्हा निधी रोपांच्या खरेदीवर खर्च न करता, उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्या आणि शेळ्यांपासून कुंपण राखणाऱ्या माणसाच्या मजुरीवर खर्च व्हावा, आणि रोपे बेल, पळस, कडुलिंब, चिंच अशी त्याच मातीतली असावीत, असे आम्ही सुचवितो. पैसे येतील भजनवर्गाच्या वार्षिक बैठकीतून. तिला तिकीट असावे, आणि जमाखर्च ह्याच वार्तापत्रात पैन् पै छापला जावा. पहिले काम चाकूर परिसरात घ्यावे हा संपादकाचा पक्षपात आहे आणि तो उघडपणे नोंदवीत आहोत. नांदेड, बीड वा विदर्भातील सभासदांनी आपापल्या गावाचा प्रस्ताव, तेथे उन्हाळाभर लक्ष ठेवणाऱ्या जबाबदार व्यक्तीच्या लेखी संमतीसह, पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी चिटणिसांकडे पाठवावा.