तिकडे ‘डीआयवाय’, इकडे मिस्त्री

तुमच्या नात्यात किंवा ओळखीत असा एक दादा नक्की असेल. पुण्यात नाहीतर नाशकात वाढलेला, इंजिनीअरिंग करून एमएसला अमेरिकेत गेलेला आणि आता न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्वतःचं घर घेतलेला. इकडे असताना साधी ट्यूब बदलायची तरी वॉचमनकाकांना हाक मारायचा. आणि एका सोमवारी फॅमिली ग्रुपवर त्याचे फोटो येऊन पडतात. गुडघ्यांना पॅड, डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी हातोडा आणि मागे अर्धी घालून झालेली ओकची लाकडी जमीन. खाली ‘वीकेंड प्रोजेक्ट!’ असं कॅप्शन. मग काय, मावश्या, आत्या, काका सगळ्यांचे अंगठे आणि बदाम सुरू.

आता हेच काम त्यानं कोथरूडच्या घरात करायला घेतलं असतं तर? ‘अरे, मिस्त्रीला बोलव की! चार पैसे टाकले की होतं. तू कशाला धूळ खात बसतोस?’ माणूस तोच, हात तेच. मधे फक्त विमानाचं तिकीट आहे. मला या तिकिटाबद्दलच बोलायचंय.

पण आधी त्या दादाच्या कामाला पूर्ण मार्क देऊ, कारण काम सोपं नाही. ‘हार्डवूड’ म्हणजे दगडासारखं कडक लाकूड, असा आपला समज असतो. खरं म्हणजे रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला हार्डवूड म्हणतात. ओक, मेपल, आपला साग, सगळे त्यातच आले. (एरोमॉडेलिंगवाल्यांचं कापसासारखं हलकं बाल्सासुद्धा शास्त्राच्या हिशेबात हार्डवूडच!) तिकडे नेहमी वापरली जाणारी पट्टी पाऊण इंच जाड आणि सव्वादोन इंच रुंद असते. एका कडेला लांबलचक खाच, दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ. आणल्या आणल्या पट्ट्या ठोकायच्या नाहीत. गठ्ठे सोडून काही दिवस त्याच खोलीत ठेवायच्या, तिथल्या हवेशी जुळवून घ्यायला. मग मीटर लावून लाकडातली आणि खालच्या प्लायवूडमधली ओल मोजायची. एवढ्या अरुंद पट्टीसाठी दोन्हींतला फरक ४ टक्क्यांच्या वर गेलेला चालत नाही. प्लायवूडखालचे वासे ज्या दिशेने गेलेत त्यांना काटकोनात पट्ट्या घालायच्या. पहिली ओळ दोरी धरून सरळ बसली पाहिजे, ती तिरकी गेली की सगळी खोली तिरकी. शेजारच्या दोन ओळींतले सांधे निदान सहा इंच पुढेमागे हवेत. खिळा वरून दिसता कामा नये म्हणून तो जिभेतून ४५ अंशांत मारायचा, त्यासाठी वेगळं नेलर यंत्र भाड्यानं मिळतं. दहा बाय बाराच्या खोलीत अशा ५४ ओळी होतात. आठ-दहा इंचांवर एक खिळा धरा, म्हणजे साडेआठशेच्या आसपास खिळे झाले. सगळे गुडघ्यांवर बसून.

आणि एवढं करून भिंतीपाशी पाऊण इंच जागा चक्क मोकळी सोडायची! कारण लाकूड मेलेलं नसतं. दमट हवेत ते रुंदीत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. एकेक पट्टी अर्धा मिलिमीटर जरी रुंदावली, तरी ५४ पट्ट्यांचे झाले २७ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून जास्त. पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जाऊन थोडंफार निभावतं, पण जागाच सोडली नसेल तर जमीन मधूनच उचलली जाते. ती फट शेवटी स्कर्टिंगखाली झाकली जाते, म्हणून फोटोत दिसत नाही. फिजिक्सच्या पेपरात प्रसरणाची गणितं आपण सोडवतोच, पण कशासाठी सोडवतोय हे या फटीपाशी कळतं.

तिकडे लोक हे स्वतः का करतात? अमेरिकन माणूस जन्मतःच श्रमप्रेमी असतो म्हणून नव्हे. मजुरी महाग आहे म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत स्वतःची घरं झाली, १९५०च्या दशकात ‘डू इट युवरसेल्फ’ हा शब्द घरोघरी पोचला. अटलांटात होम डेपोची पहिली दुकानं आणि बोस्टनहून ‘धिस ओल्ड हाऊस’ हा घरदुरुस्तीचा टीव्ही कार्यक्रम, दोन्ही १९७९चे. अवजारं भाड्यानं मिळतात, शिकवणारं कुणी ना कुणी भेटतं. फार भारावून जाऊ नका, बरं का. तिथेही पैसेवाल्यांच्या घरात फ्लोअरिंग घालणारे हात पुष्कळदा मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेल्या कामगारांचे असतात.

आपल्याकडे लाकडी जमीन नवी आहे असंही नाही. जुन्या वाड्यांच्या माडीवर सागवानी तुळया आणि तक्तपोशी असायचीच. ती घालणारा सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. कामाच्या बदल्यात सुगीला धान्य, आणि त्याच्या मुलानं पुढे काय करायचं हे जन्माच्या आधीच ठरलेलं. रंधा कुणी धरायचा आणि माडीवर लोडाला टेकून कुणी बसायचं, याची वाटणी होऊन गेली होती. ‘डू इट युवरसेल्फ’मधला ‘युवरसेल्फ’ आपल्याकडे जातीनं ठरत होता. आजही आपण हाताच्या कामाला नाक मुरडतो, त्याचं कारण मजुरी स्वस्त आहे एवढंच नाही. मजुरी इतकी वर्षं स्वस्त का राहिली, ते विचारा की!

हे वाचणाऱ्यांत अनेकांच्या घरी रंधा, पटाशी, गुण्या, ओळंबा असेलही. बाबा सुतारकाम करतात, गवंडीकाम करतात. मग कॉलेजच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात नुसतं ‘बिझनेस’ लिहिलं जातं. वर्गात सांगायला अवघडल्यासारखं होतं, आणि तोच वर्ग लंचब्रेकमध्ये कुठल्याशा कॅनेडियन माणसाचा टेबल बनवतानाचा रील ‘किती सॅटिसफाइंग!’ म्हणत तीनदा बघतो. त्या मुलाची किंवा मुलीची लाज ही त्यांची नाहीच, ती आपण सगळ्यांनी मिळून त्यांना दिलेली आहे.

शाळेनं हे बदलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. एस. एस. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं वेल्डिंगपासून बांधकामापर्यंत करत करत शिकतात. आपल्या वाट्याला मात्र ‘कार्यानुभव’ आला. आठवतोय ना? घोटीव कागदाची फुलं, आणि परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताच्या सरांना. पुढे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी सुतारकामाचा जॉब करायचा असतो, तर कुणाचा तरी तयार जॉब हातोहात कसा फिरतो हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

मग आता घरी जाऊन ओकच्या पट्ट्या ठोकायच्या का? मुळीच नाही. आपली घरं काँक्रीटच्या स्लॅबची, त्यात खिळे मारून जमीन बसत नाही. मुंबई-कोकणात चार महिने हवा ओली, वर वाळवी आणि रोजचा ओला पोछा. माझं मत विचाराल तर तिथे शहाबादी किंवा कोटा कधीही बरा, उन्हाळ्यात पायाला गारही लागतो. दुकानात ‘वूडन फ्लोअरिंग’ म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. दाबून केलेला फायबरबोर्ड, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि वरून पारदर्शक थर. त्याला कमी लेखू नका. खाली प्लास्टिक आणि फोम अंथरून त्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या असतात, खिळे नाहीत की गोंद नाही. एक खोली दोन-तीन मित्रमैत्रिणींनी शनिवार-रविवारात होण्यासारखी आहे. त्याआधी दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी टेपनं जमिनीला चिकटवून दिवसभर ठेवा. उचलल्यावर आत थेंब दिसले तर ओल आहे, काम थांबवा. कापताना तोंडाला साधा रुमाल नको, एन-९५ लावा.

‘सगळेच स्वतः करायला लागले तर मिस्त्रीनं काय खायचं?’ हा प्रश्न येईल, आणि तो खोटा नाही. पण विशीतल्या पोरांनी आयुष्यात एक खोली केली म्हणून कुणाचा रोजगार बुडत नाही. उलट पहिली ओळ सरळ धरताना ज्याची कंबर धरलीय, त्याला ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ हे वाक्य म्हणताना जड जाईल.

स्वतः करायला जमणार नसेल, तर पुढच्या वेळी घरात फरशीचं काम निघेल तेव्हा मिस्त्रीकाकांना विचारून दोन दिवस त्यांच्या हाताखाली राहा. कटरला हात लावू नका, पण माल वाहा, दोरी धरा, लेव्हल कशी बघतात ते विचारा. चहा घरातल्या नेहमीच्याच कपांत द्या, गॅलरीतल्या वेगळ्या ठेवलेल्या ग्लासांत नको. आणि शेवटच्या दिवशी बाबा हिशेबाला बसतील, तेव्हा आपल्या खोलीत जाऊ नका. तिथेच बसा.