एका आकड्याचा भरवसा

ऊस पिळणाऱ्या रोलरचा शाफ्ट ऐन हंगामात तुटला, की कारखान्याच्या आवारात दोनच मते कानी पडतात: पोलाद हिणकस होते, अथवा फिटरने हयगय केली. एकाच ओतीचे, एकाच नकाशाबरहुकूम घडविलेले दोन शाफ्ट सारखेच टिकले पाहिजेत, या ज्या समजुतीवर ही दोन्ही मते उभी आहेत, ती समजूतच मुळात निराधार आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

1950 साली प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी गाळप सुरू झाले, तेव्हापासून नगर जिल्ह्यातील हजारो शेतकऱ्यांचा संसार या फिरत्या लोखंडाशी बांधला गेला आहे. रोलर मिनिटाला पाच फेरे घेतो असे धरले, तर दिवसाचे 7,200 आणि दीडशे दिवसांच्या हंगामाचे 10,80,000 फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात शाफ्टच्या पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदू एकदा ताणला व एकदा दाबला जातो. दहा लाखांच्या आसपासच कार्बन पोलादाच्या शिणवट्याची रेषा, म्हणजे किती प्रतिबलाखाली किती फेऱ्यांत धातू मोडतो हे दाखविणारी आलेखरेषा, आडवी होऊ लागते. आणि नेमक्या त्याच टप्प्यावर, एकाच भाराखाली एक नमुना काही लाख फेऱ्यांत मोडतो, तर त्याचा जुळा भाऊ कोटी फेऱ्यांनंतरही अभंग राहतो. यात लबाडी कोणाचीच नसते. शाफ्टच्या 45सी8 प्रतीच्या पोलादात कार्बन 0.40 ते 0.50 टक्के असण्यास मानकाचीच मुभा आहे. शिवाय गंधकयुक्त मँगनीजचा एखादा कण कोठे अडकला, कातकामाचा ओरखडा कोठे राहिला, यावर तड्याचा जन्म अवलंबून असतो.

यावर पूर्वपक्ष पुस्तक पुढे करतो: शिणवट्याची मर्यादा ताणबलाच्या निम्मी. मान्य, परंतु ती सरासरी आहे. ताणबल 600 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असेल तर मर्यादा 300 येते, आणि तेवढ्या प्रतिबलाखाली सुमारे निम्मे नमुने मोडतात! प्रमाण विचलन आठ टक्के धरल्यास, शंभरांतील नव्याण्णव टिकावेत म्हणून 244 वर, आणि हजारांतील नऊशे नव्याण्णव टिकावेत म्हणून 226 वर उतरावे लागते. हेही बोटाएवढ्या, चकचकीत, कोरड्या हवेतील नमुन्यांचे. आंबट रसाने भिजणाऱ्या अजस्र शाफ्टचे बल याहूनही खाली जाते.

मग सारे दैवाधीनच, असे म्हणणाऱ्यांचाही मी तितकाच विरोधक आहे. स्वीडनच्या वायबुल यांनी 1951 साली पोलादाच्या शिणवट्याच्या आयुष्यमानासह अनेक विषयांतील विखुरलेले आकडे एकाच सूत्रात बसवून दाखविले. विखुरण्यालाही नियम असतो, आणि ज्याला नियम आहे त्याचा हिशेब मांडता येतो.

म्हणून संचालक मंडळांना माझी विनंती आहे, की शाफ्टच्या खरेदीत केवळ ताणबलाच्या दाखल्यावर समाधान मानू नये. शिणवट्याचा आकडा किती नमुन्यांवरून काढला व त्याचे विचलन किती, हे लेखी मागावे, प्रत्येक शाफ्टच्या फेऱ्यांची नोंद दप्तरी ठेवावी आणि बंद हंगामात त्याची अल्ट्रासॉनिक तपासणी करावी. तोवर, तुटलेल्या शाफ्टपायी कोणाही फिटरचा पगार कापू नये.