सोनेरी पत्र्याची सावकारी

गोदीतली पोरं विचारतात, प्रीमियम कार्ड कुठलं घेऊ? लाउंजवालं की पॉइंटवालं? अरे, आधी व्याज बघ! २०१४च्या सावकारी कायद्याखाली आपल्या राज्यात परवानावाल्या सावकाराला बिनतारण कर्जावर सालाला जास्तीत जास्त १८ टक्के. बँकांना हा कायदा लागूच नाही. पुष्कळ कार्डांवर महिन्याला साडेतीनच्या आसपास, म्हणजे सालाचे ४२! बड्या साहेबांच्या काही कार्डांना मात्र दर कमी. ज्याच्याकडं आहे त्यालाच स्वस्त, च्यायला! राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली ३० टक्क्यांचं कुंपण घातलेलं. डिसेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टानं तेही उपटलं. किमान रक्कम भरून थकलेल्याला नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. बिल पुरं फेडता येत नसेल तर पत्र्याला हात लावू नका. मागायचंच तर १८ टक्क्यांचा कायदा बँकांनाही लावा म्हणून मागा.