गाडी तापवून दाखवा

दसऱ्याच्या आगेमागे माळेगावच्या सहकारी साखर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. संचालक मंडळी येतात, पूजा होते, नारळ फुटतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. फोटोत दिसत नाही ते त्याआधीचं. पावसाळाभर कारखाना खोलून ठेवलेला असतो. नळ्या बदलतात, झडपा उतरवून साफ होतात. पण दुरुस्ती झाली म्हणून कोणी थेट ऊस टाकायला धावत नाही. बॉयलरमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबानं पाणी भरून गळती पाहतात, बाष्पक निरीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं, मग सावकाश आग धरतात, वाफ चढवतात आणि काटा कुठं उभा राहतो ते डोळ्यांनी पाहतात. १९२३ च्या बाष्पक कायद्यानं ही शिस्त लावली. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, शिस्त मात्र टिकली.

आता त्याच माळेगाव बुद्रुकच्या वेशीवरून जाणाऱ्या बारामती–नीरा रस्त्यावर गाडीचा रेडिएटर बदलून घ्या. पाणी, उष्णता आणि दाब या तीन गोष्टी इथंही आहेतच. नवी जाळी बसते, होजपाइपांच्या क्लिपा आवळल्या जातात, बादलीनं पाणी भरलं जातं, एकदा चावी फिरते, दोनदा ॲक्सिलरेटर दाबला जातो. ‘झालं काम, घेऊन जा.’ आपणही खिशात हात घालतो आणि निघतो. इंजिन अजून कोमटसुद्धा झालेलं नसतं.

मी आयुष्यभर बँकेत काढलं. विहिरीच्या कर्जाचा पुढचा हप्ता द्यायचा तर आधीच्या हप्त्याचं काम जाऊन पाहायचं, असा आमचा रिवाज. मोटर बसवल्याची पावती फाइलला लागलेली असायचीच. पण मोटर चालू करून पाइपातून पाणी पडताना पाहिलं की मगच तपासणी अहवालावर सही. शेतकरी चिडायचे, ‘साहेब, विश्वास नाही का?’ म्हणायचे. विश्वास होता. परंतु पावती म्हणजे वस्तू विकत घेतल्याचा पुरावा, ती चालल्याचा नव्हे, हे त्यांनाही कळत होतं. चहा पाजून तेच बटण दाबायला पुढे यायचे.

गाडीच्या बाबतीत ही सावधगिरी कुठं जाते, कोण जाणे! आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. सासूबाईंना पुण्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून जावईबापूंनी आदल्या संध्याकाळी गाडीचा रेडिएटर बदलून घेतला. पहाटे निघाले. जेजुरी, सासवड, दिवेघाट उतरून हडपसर, सारं सुरळीत. परतताना संध्याकाळी हडपसरच्या गर्दीत गाडी पाऊण तास मुंगीच्या पावलांनी सरकली आणि पुढे घाटाच्या चढावर ट्रकच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकली. काटा लाल रेषेला टेकला, बॉनेटमधून वाफ आली. जावईबापूंनी फडकं घेऊन टोपण फिरवलं आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून घेतला. इंजिनचं हेड वाकलं ते वेगळंच. नंतर निघालं काय? रेडिएटर काढताना पंख्याच्या वायरीचा सॉकेट सोडवला होता, तो परत लावायचा राहिला होता.

सकाळी गाडी का तापली नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना समोरून येणारा वाराच पंख्याचं काम करतो. पंख्याची परीक्षा होते ती गर्दीत आणि घाटात. म्हणजे दोष आदल्या संध्याकाळीच गाडीत होता आणि गॅरेजच्या दारात वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं असतं तर तिथंच सापडला असता. त्या वीस मिनिटांची किंमत एका हाताची कातडी आणि हेड गॅस्केटचा खर्च.

भाजण्यामागेही साधं शास्त्र आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, आपल्या पठारावर दोनेक अंश आधीच. रेडिएटरच्या टोपणानं साधारण एक किलोचा दाब धरला की तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपण उघडताच दाब जातो आणि इतका वेळ गप्प बसलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. प्रेशर कुकरचं झाकण शिटी न उचलता कोणतीही गृहिणी उघडणार नाही. मोटारीचं टोपण मात्र शिकलेली माणसं बिनदिक्कत उघडतात.

मग तपासणी कशी असावी? गाडी थंड असताना पाणी काठोकाठ आहे ना, ते पाहावं आणि टोपण लावून इंजिन चालू करावं. रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप बराच वेळ थंड राहतो. पाण्याचं तापमान ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान पोचलं की थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप उघडते आणि पाइप एकाएकी तापतो. पुढे पंचाण्णवच्या आसपास पंखा आपसूक लागतो, पाणी थोडं निवलं की बंद होतो. पंखा असा निदान दोनदा लागून बंद झालेला पाहावा. या वेळात आतला हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. काटा वर आणि हीटरमधून वारा गार, असं दिसलं तर पाण्याच्या वाटेत कुठंतरी हवा अडकली आहे असं समजावं. मिस्त्री लोक याला ‘हवा धरली’ म्हणतात आणि ती काढायची युक्ती त्यांना ठाऊक असते. हवा राहिली तर गाडी दहा किलोमीटर गुणी बाळासारखी चालते आणि अकराव्याला दगा देते. त्यानंतर चार माणसं बसवून दहा-पंधरा किलोमीटरची एक फेरी. एवढंच.

काट्यावर मात्र फार विसंबू नये. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दामच मध्यावर स्थिर राहील असा बनवलेला असतो. पाणी ऐंशी अंशांवर असो की शंभरावर, तो हलत नाही, म्हणजे चालकाला उगाच धास्ती नको! काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. शिवाय पाणीच संपलं असेल तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली आल्याचं समाधान मिळतं. गॅरेजमध्ये आता स्कॅनर असतो. तो जोडला की तापमानाचा खरा आकडा समोर येतो. तो आकडा मागून घ्यावा.

आपल्याकडच्या एका जुन्या सवयीबद्दल बोललंच पाहिजे. गाडी तापते अशी तक्रार नेली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. ‘आपल्या उन्हात याची गरज काय?’ असा सवाल वर. ही समजूत येते जुन्या काळातून. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या टॅक्स्या आणि फियाटच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळणारे ड्रायव्हर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना इंजिन जितकं थंड तितकं बरं असंच वाटणार. अँबॅसडरचं हेड ओतीव लोखंडाचं होतं, ते बरंच सोसायचं. आताची हेडं ॲल्युमिनियमची, जास्त तापली की वाकतात. पण अति थंड इंजिनही आजारीच असतं. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन लवकर तापत नाही, गाडीतला संगणक थंडीतल्यासारखं जादा इंधन सोडत राहतो, पेट्रोल उडतं, इंजिनची झीज वाढते. गिऱ्हाईक खूश असतं, कारण काटा खाली आहे! दुरुस्तीनंतर तापमान पाहायचं ते गाडी नेमकी हव्या त्या अंशांवर चालते की नाही यासाठी, नुसती उकळत नाही ना एवढ्यासाठी नव्हे. पंख्याची वायर थेट जोडून तो कायम चालू ठेवणं हीदेखील याच जातीची मलमपट्टी.

आणि पाणी. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना क्षारांबद्दल मी काय सांगावं? घरच्या पाणी तापवायच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या केसासारख्या नळ्यांतही चढतो. शुद्ध केलेलं पाणी आणि कूलंट सांगितलेल्या प्रमाणात घालायचं. बोअरची बादली दूरच राहू द्या.

आता मिस्त्र्यांची बाजू. एकाला मी विचारलं, तुम्ही गाडी तापवून का दाखवत नाही? तो हसला. ‘काका, पार्टचे पैसे गिऱ्हाईक देतं, मजुरीत घासाघीस करतं. अर्धा तास गाडीपाशी उभं राहण्याचे कोण देणार? आणि थांबायला तरी कोण तयार आहे?’ त्याचं म्हणणं खोटं नाही. ‘लवकर दे’ म्हणत गॅरेजच्या दारात येरझारा घालणारे आपणच असतो. म्हणून माझी सूचना अशी, की बिलात ‘तापमान तपासणी’ अशी वेगळी ओळ असावी, तिचे पैसे आपण कुरकुर न करता द्यावेत आणि त्या ओळीसमोर पंखा किती अंशांवर लागला तो आकडा मिस्त्र्यानं लिहावा. आकडा लिहायचा म्हटलं की माणूस पाहतो. बँकेत मी हे हजार वेळा अनुभवलं आहे.

राहता राहिली दुसऱ्या दिवशीची सकाळ. रात्रभर थंड झालेल्या गाडीचं टोपण उघडून पाणी पाहा. नुसत्या बाटलीकडे पाहून भागत नाही. एखादं बोट कमी असेल तर अडकलेली हवा निघाली असेल, तेवढं भरा. रोजच कमी होत असेल आणि गाडीखाली ओल नसेल, तर तेलाची पट्टी ओढून पाहा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर चावी फिरवू नका. गाडी जागेवरच ठेवा आणि मिस्त्र्याला घरी बोलावा, बिल हाताशी ठेवून.