फ्यूज उडाला, तर कारण शोधा
रात्री दिवे लावले आणि स्पीडोमीटर अंधारातच राहिला, की बरेच जण थेट डॅशबोर्ड खोलायला निघतात. आधी गाडीच्या मागे जाऊन बघा. अनेक गाड्यांत डॅशबोर्डचे दिवे आणि टेललाइट एकाच फ्यूजवर असतात. दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा तिथेच. शिवाय मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसत नाहीये, हे जास्त गंभीर. फ्यूज उपसून उजेडाकडे धरा: उडाला असेल तर आतली पातळ पट्टी मधोमध तुटलेली दिसेल. लाल फ्यूज म्हणजे 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20. लालच्या जागी लालच बसवा. नवाही लगेच उडाला, तर बहुधा कुठेतरी सोललेली वायर बॉडीला टेकते आहे. टेललाइटचे होल्डर, डिकीच्या बिजागरीजवळची वायर आणि बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचे जोड तपासा. टेललाइट चालू आणि फक्त डॅशबोर्ड काळा असेल, तर ब्राइटनेसचं चाक खाली फिरलंय का बघा. एकच कोपरा काळा, तर बहुधा बल्ब गेला. दिवे आणि काटे एकदमच लुकलुकत असतील, तर अर्थिंग सैल असण्याची शक्यता मोठी. एवढं शोधायचं सोडून लोक फ्यूजच्या जागी सरळ तांब्याची तार खुपसतात. हे थांबलंच पाहिजे. फ्यूज जळतो तो वायर वाचवण्यासाठी. त्याला जळू दिलं नाही, तर वायर पेटते, आणि तिच्यासोबत गाडी. तार सुचवणाऱ्या मेकॅनिकला स्पष्ट नाही म्हणा.