सतार घेऊनच दवाखान्यात या

काही वर्षांपूर्वी चाळिशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. दिवसभर बँकेत काम, संध्याकाळी स्वयंपाक आणि रात्री नऊनंतर सतारीचा रियाज. विशारदची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. डाव्या हाताची पहिली तीन बोटं रात्री बधिर व्हायची, झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. मी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सहज म्हणाले, "तेवढी सतार बंद करा."

त्या पुन्हा आल्याच नाहीत. आल्या त्या आठ महिन्यांनी, तेव्हा अंगठ्याच्या बुडाशी तळहातावर जो मांसल उंचवटा असतो, तो बसायला लागला होता. मधल्या काळात त्यांनी गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "दुखल्याशिवाय हात तयार होत नाही, सोसायचं." डॉक्टर म्हणते बंद करा, गुरुजी म्हणतात सोसा. बाईंनी गुरुजींचं ऐकलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कारण माझ्या सल्ल्यात सतार उरतच नव्हती.

माझ्या मते हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यातला एक माझा होता.

आधी गुरुजींच्या म्हणण्यातला खरा भाग सांगते. नव्याने शिकताना बोटांची टोकं दुखतात, तारेचा वळ उठतो, मग घट्टे पडतात. हे दुखणं कातडीचं असतं, काही आठवड्यांत कमी होतं आणि त्याची काळजी करू नये. मनगट, अंगठ्याचं मूळ, कोपर आणि कोपराखालचा हात यांचं दुखणं मात्र वेगळं. त्याला घट्टा पडत नाही. बोटं हलवणारे बरेचसे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटातून बोटांपर्यंत जातात. तळहाताच्या सुरुवातीला एक अरुंद बोगदा आहे. त्यातून नऊ टेंडन आणि एक महत्त्वाची नस दाटीवाटीने जाते. मनगट वाकवलं की बोगद्यातला दाब वाढतो. वाकवलेल्या मनगटाने तासभर मींड ओढत बसलात, तर सूज येणार आणि ती नस दबणार. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, तो यामुळे. मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर हे आणखी लवकर होतं.

आता माझ्या चुकीकडे येते. दुसऱ्या खेपेला मी बाईंना म्हटलं, "उद्या सतार घेऊन या." तपासणीच्या खोलीत सतरंजी घातली आणि त्यांना वाजवायला सांगितलं. पाच मिनिटांत जे दिसलं ते आधीच्या भेटीत मला कधीच कळलं नसतं. सतार पेलली होती डाव्या हाताने!

तुम्हीही हे घरी करून पाहा. नेहमीसारखे बसा आणि डावा हात दांडीवरून पूर्ण काढून घ्या. सतार जागच्या जागी राहायला हवी. भोपळ्याला डाव्या पायाचा आधार आणि वरून उजव्या हाताचा भार, एवढ्यावर ती तोलली गेली पाहिजे. ती पुढे घसरत असेल किंवा दांडी खाली येत असेल, तर तुमचा डावा हात एकाच वेळी वाजवण्याचं आणि ओझं उचलण्याचं काम करतोय. अशा वेळी अंगठा दांडीला मागून चिमटा काढल्यासारखा दाबला जातो आणि मनगट मुडपतं. (व्हायोलिन मांडी घालून वाजवताना त्याचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात. तिथेही हेतू हाच, डावा हात मोकळा राहावा.)

वाद्यसुद्धा एकदा जाणकाराला दाखवा. तार पडद्यांपासून फार उंच असेल तर दर स्वराला जास्त जोर लागतो. आपल्याकडे मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवणारे कारागीर आहेत. घोडीची उंची थोडी कमी करणं हे त्यांच्या हातचं काम. बुटक्या व्यक्तीला किंवा मुलांना लहान सतार द्यावी. गिटारचंही तसंच. आणि नखी इतकी घट्ट नको की बोटाचं टोक निळं पडेल.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अचानक वाढवलेल्या रियाजाने. एरवी अर्धा तास वाजवणारी माणसं परीक्षेच्या आधी एकदम तीन तासांवर जातात. शिवाय दिवसभराचं टायपिंग, कणीक मळणं, स्कूटीचा ब्रेक आणि रात्रीचा मोबाईल हे सगळं त्याच मनगटाच्या खात्यावर जमा होत असतं. वेळ हळूहळू, आठवड्यांच्या हिशेबाने वाढवा. सुरुवातीची दहा मिनिटं संथ अलंकार, जलद ताना आणि लांब मींडा नंतर. दर वीस-पंचवीस मिनिटांनी वाद्य खाली ठेवून उठा. त्या वेळात फोन हातात घेतलात तर ती विश्रांती धरायची नाही.

दुखतंय म्हणून गोळी घेऊन किंवा क्रेप बँडेज आवळून रियाजाला बसणं मला अजिबात पटत नाही. दुखणं झाकलं जातं, ताण तेवढाच राहतो. दुखऱ्या दिवसांत वेळ निम्म्यावर आणा, मींड टाळा, बंदिशी म्हणून पाठ करा. बधिरपणा टिकून राहिला, हातातून कप सुटायला लागला, सूज दिसली किंवा दोन आठवड्यांत आराम पडला नाही, तर तपासून घ्या. बोट न दुखताच आपोआप आत वळू लागलं, पूर्वी येणारी तान अचानक जमेना, तर तेही दाखवा. तो मेंदू आणि स्नायू यांच्यातल्या समन्वयाचा वेगळा आजार असू शकतो आणि त्यात जास्त रियाज केल्याने बिघाड वाढतो.

बाईंची बैठक गुरुजींनीच दुरुस्त केली. मी त्यांना फोन केला होता आणि त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावला, तरी नस बरीच दबलेली असल्याने शेवटी छोटी शस्त्रक्रिया करावी लागली. बधिरपणा गेला. अंगठ्याची ताकद पूर्ण भरून आलेली नाही. विशारद त्यांनी पुढच्या वर्षी दिली.

तेव्हा अपॉइंटमेंट घेताना वाद्य आणणार आहात हे आधी सांगा. सतरंजी घालून ठेवायला बरं पडतं, आणि तुमच्यानंतरच्या पेशंटला थोडी उशिराची वेळ देता येते.