प्रबंध तपासताना पाडाही दिसावा

शहापूर आणि मुरबाडच्या आदिवासी पाड्यांना वजनकाटा व प्रश्नावली घेऊन येणारे अभ्यासक नवे नाहीत. मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही इथलेच. इथल्या कुपोषणावर, पाण्यावर पीएच.डी. करणाऱ्यांना प्रबंध सादर केला की एकच धास्ती असते : परीक्षक काय म्हणतील?

आधी नियम पाहू. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनुसार प्रबंध मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. दोघांनी शिफारस केली तरच तोंडी परीक्षा होते. एकाने नाकारला तर प्रबंध पर्यायी परीक्षकाकडे जातो. त्यानेही नाकारला तर पदवी नाही. ही सारी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असेही नियम सांगतो. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो अपमान नव्हे आणि नापासाचा शिक्काही नव्हे.

चांगला परीक्षक पानांची जाडी मोजत नाही. माहिती कशी गोळा केली, हे तो विचारतो. समजा, जानेवारीत एका कातकरी वाडीत मुलांच्या दंडाचा घेर मोजला. साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी घेर म्हणजे तीव्र कुपोषण. पण दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. म्हणजे मोजली गेली ती घरी राहिलेली मुले. भट्टीवरची मुले अधिक अशक्त असतील, तर प्रबंधातला आकडा खऱ्यापेक्षा कमी येणार. गणित बिनचूक, निष्कर्ष मात्र लंगडा. उमेदवाराने ही मर्यादा स्वतःच लिहून ठेवावी. ती लपवली, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

दुसरा प्रश्न संमतीचा. आईला वाचता येत नसेल, तर अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार हवा, असे आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. परिशिष्टातल्या कोऱ्या नमुन्यावर समाधान न मानता, संमती प्रत्यक्षात कशी घेतली हे परीक्षकाने विचारलेच पाहिजे. दूरच्या शहरात बसलेल्या परीक्षकाने पाडा पाहिलेला नसतो. म्हणून तर त्याने अधिक विचारावे.

आणि माझ्या मते तिसराही प्रश्न सक्तीचा हवा : निष्कर्ष वाडीला सांगितले का? प्रबंध ‘शोधगंगा’वर जातो, तोही बहुतेक वेळा इंग्रजीत. ज्या अंगणवाडी सेविकेने घरोघर फिरवले, तिच्या हाती काहीच येत नाही. दोन पानांचा सोप्या मराठीतला सारांश अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवायला कितीसा खर्च येतो? परीक्षकांनी दुरुस्त्यांच्या यादीत एवढी एक ओळ घालायला सुरुवात करावी. पुढच्या वेळी काटा घेऊन कोणी आले, तर वाडीतली माणसे निदान दार मोकळ्या मनाने उघडतील.